इंजिनातल्या रेडिओतलं कुंकू

…आणि पेचकस माझ्या हातात नेमका कुणी दिला, हे मला आज नक्की सांगता येत नाही. साहेबांनी दिला, शिपायानं दिला, की मीच उचलला… मीच उचलला असेल तर मग बोलणंच खुंटलं, दोष द्यायला माणूसच उरत नाही. साल ब्याऐंशी. की एक्क्याऐंशीचा डिसेंबर? धान घरात येऊन पडलं होतं एवढं पक्कं, म्हणजे थंडी होती, म्हणजे माझ्या अंगात स्वेटर होता, आणि तुम्हाला सांगतो, त्या स्वेटरच्या आत मी घामानं चिंब झालो होतो. कारण समोर टेबलावर रेडिओ होता, टेबलापलीकडे खाणीचे साहेब होते, दाराशी देवाजीभाऊ हात बांधून उभे होते, आणि सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की आता हा माणूस पेटी उघडणार आणि आतलं सत्य काढून टेबलावर ठेवणार. आणि मी कसला विचार करत होतो? तर स्क्रू डावीकडे फिरवला की सुटतो, की उजवीकडे.

हसू नका. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. एम. एस्सी., पीएच. डी., आणि प्रबंध कशावर? रेडिओलहरींवर. जमिनीपासून शंभर-दीडशे मैल वर गेल्यावर लहर कशी वळते, किती वळते, दिवसा काय करते आणि सूर्य मावळल्यावर काय करते, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण ती लहर ज्या डब्यातून निघते तो डबा मी जन्मात उघडला नव्हता. घरचा रेडिओ खरखरू लागला तर आमची ही मला हात लावू द्यायची नाही. ‘अहो, तुम्ही दूर व्हा, डोमाला बोलवा.’ डोमा म्हणजे तुमसरच्या बाजारातला रेडिओवाला. चौथी पास, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, रेडिओला कान लावायचा, दोन ठिकाणी कथलाचा डाग द्यायचा, की लागल्या बातम्या. वरती लहर वळते हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं. माझंच अडायचं. शिकलेला माणूस पडलो ना मी.

आता हा टेबलावरचा रेडिओ कुठला? तर इंजिनातला. आमच्या भागात मॅंगनीजच्या खाणी, त्यातल्या एका खाणीची स्वतःची चार मैलांची रेल्वे होती, नाव घेत नाही, माणसं अजून आहेत. एक डिझेल इंजिन, दहा-बारा डबे, आणि इंजिनावर देवाजीभाऊ, आमचे शेजारी. चार मैल, पण उलटे. म्हणजे डबे पुढे आणि इंजिन मागे, ढकलत न्यायचं. ड्रायव्हरला समोर काय दिसणार? डबे. म्हणून सगळ्यात पुढच्या डब्यावर झेंडे घेऊन एक माणूस उभा असायचा. लाल झेंडा हलवला की थांबा, हिरवा हलवला की चला, वीस वर्षं असं चाललं आणि एक कोंबडीसुद्धा चिरडली नाही. पण अठ्ठ्याहत्तर साली साहेबांनी कुठून तरी दोन जुने रेडिओ आणवले, एक इंजिनात, एक यार्डाच्या कचेरीत. कचेरीतल्या सेवकरामनं उंचावरून सगळी लाइन बघायची आणि रेडिओवर सांगायचं. झालं, झेंडेवाल्याला दुसरीकडे पाठवला. रेडिओ आला, मग झेंडा कशाला?

आणि रेडिओ सुरू कधी करायचा, तर खंडेनवमीला. शस्त्रांची पूजा, यंत्रांची पूजा, इंजिनाला झेंडूचे हार, कचेरीच्या टायपरायटरलासुद्धा हळदीकुंकू. भटजी इंजिनातल्या रेडिओच्या पेटीवर कुंकवाचं बोट टेकवायला गेले तर साहेब म्हणाले, ‘टिनाची काय पूजा करता, झाकण काढा, यंत्र आत आहे.’ काढलं झाकण. साहेबांनी स्वतःच्या हातांनी नारळ फोडला, वाटीत पाणी धरलं, त्यात कुंकू कालवलं आणि फुलानं आत शिंपडलं, वर अक्षता टाकल्या… चारही कोपऱ्यांत. मनापासून. मी तिथे होतो, पेढा खाल्ला, टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा कळायला नको होतं का, की विजेच्या यंत्रात कुणी पाणी शिंपडतं का? कळलं असेलही. पण वाटलं, एवढी मोठी माणसं शिंपडताहेत तर त्यात काही असेल. शिकलेला माणूस पडलो ना मी, भर सभेत शंका काढायची नाही, ती घरी नेऊन चाळीस वर्षं पोसायची.

तर रेडिओ लागला. पहिल्याच दिवशी देवाजीभाऊ इंजिनातून बोलले ते कचेरीत लख्ख ऐकू आलं. सेवकराम कचेरीतून बोलला ते इंजिनात… काही नाही. खर्रर्र. देवाजीभाऊंनी जाऊन सांगितलं, ‘मले आयकू येत नाही जी.’ स्टोअरवाले म्हणाले, ‘नवं हाय. लागीन सवय.’ कुणाला सवय लागेल, रेडिओला की यांना, ते सांगितलं नाही. पुन्हा सांगितलं तर म्हणाले, ‘लेखी देतोस का, का साहेबाचा रेडिओ खराब हाय मनून?’ आता साहेबांनी स्वतः नारळ फोडलेला रेडिओ, तो बिघडलाय असं लेखी कोण देणार? तुम्ही दिलं असतंत?

मग या दोघांनी तोड काढली. सेवकरामच्या खांद्यावर कायम एक लालभडक दुपट्टा असायचा. देवाजीभाऊ रेडिओवर विचारायचे, ‘सेवक, चलू का?’ सेवकराम रेडिओवर म्हणायचा, ‘चला,’ ते खर्रर्रमध्ये जायचं, आणि मग खिडकीबाहेर हात काढून दुपट्टा एकदा झटकायचा. गरगर फिरवला की थांबा. आणि रोज सकाळी रजिस्टरात दोघांच्या सह्या, ‘रेडिओ तपासला, ठीक आहे.’ तीन वर्षं. रोज. तुम्हाला सांगतो, झेंडा काढून रेडिओ आणला आणि रेडिओ चालला दुपट्ट्यावर. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे, ‘बघा, वायरलेस,’ म्हणायचे, पाहुणे म्हणायचे, ‘वा,’ आणि खिडकीत सेवकराम दुपट्टा झटकत असायचा. सगळ्यांना वाटायचं, माश्या हाकलतोय.

मग ते व्हायचं ते झालं. सेवकराम भाचीच्या लग्नाला बपेऱ्याला गेला, त्याच्या जागी बदलीचा माणूस आला, नवा, शिस्तीचा. त्याला रेडिओचं सांगितलं होतं, दुपट्ट्याचं कोण सांगणार? आणि नेमके त्या दिवशी साहेब फाटकापाशी जीप थांबवून उतरले. फाटक वेळेवर का लावत नाहीस, म्हणून फाटकवाल्याला झापायला. जीप कुठे थांबवली होती? रुळावर. बदलीच्या माणसानं वरून बघितलं आणि रेडिओवर ओरडला, ‘थांबा, थांबा.’ रजिस्टरात नोंद आहे, सात वेळा सांगितलं. शिस्तीचा ना, मोजून लिहिलं त्यानं. देवाजीभाऊंना ऐकू आलं खर्रर्र. निघताना खिडकीत हात हलला होता, तोच त्यांनी ‘चला’ धरला, आता ते खिडकीकडे बघत होते, दुपट्टा फिरत नव्हता, म्हणजे चालू द्या… बारा डब्यांनी जीप अलगद ढकलत नेली आणि शेजारच्या बांधीत, कापलेल्या धानाच्या बुडख्यांवर उलटी ठेवली. चारही चाकं वर, फिरताहेत. माणूस एकही नव्हता आत, देवाची कृपा. पण जीप साहेबांची होती.

देवाजीभाऊ निलंबित. आरोप काय, तर रेडिओवरचा हुकूम ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते म्हणाले, आयकूच आला नाही. साहेबांनी रजिस्टर पुढे टाकलं. ‘ही सही कुणाची? ही? आणि ही? हजार वेळा ठीक आहे म्हणून लिहिलंय. आज ऐकू येत नाही?’ दुपट्ट्याचं तोंडातून काढावं तर सेवकरामचीही नोकरी जाणार.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं त्यांना. तुम्हाला ठाऊक नसेल, इंजिनाच्या माणसाची निवृत्ती म्हणजे काय असते. शेवटच्या दिवशी इंजिनाला हार घालतात, बायकोला वर चढवतात, यार्डापर्यंत शिटी वाजवत नेतात, सगळं गाव रुळाकडेला उभं राहतं. देवाजीभाऊंच्या बायकोनं, शकुवहिनींनी, त्या दिवसासाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं, पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून. दर दिवाळीला ते उन्हात घालताना आम्ही बघायचो. त्या एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर आल्या. चहा घेतला नाही.

‘भाऊजी, तुमी रेडिओचे डाक्टर ना?’

मी म्हटलं, ‘तसं म्हणजे… वरच्या वातावरणात…’

‘वरच्या-खालच्याचं मले नोका सांगू जी. यायले आपला एक जानकार मानूस आना म्हनलं हाय चौकशीले. तुमी पेटी खोला आन् का हाय थे सांगा. खरं थेच सांगा, जास्त नाही.’

नाही म्हणता आलं असतं मला. म्हणायला हवं होतं, ‘वहिनी, डोमाला न्या.’ पण डोमाला कोण आत घेतं? चौकशीत पदवी लागते. आणि मी, तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं. प्रबंध होऊन अकरा वर्षं झाली होती, कुणी एकानंही तो वाचला नव्हता, परीक्षकांनी वाचला की नाही याचीसुद्धा मला शंका आहे. आणि आज कुणी तरी दारात येऊन म्हणतंय, तुमी रेडिओचे डाक्टर. म्हटलं, ‘येतो.’ शिकलेला माणूस पडलो ना मी.

मग काय केलं, तर गुपचूप डोमाकडे गेलो. त्याला म्हटलं, माझी पिशवी धरायला म्हणून तू आत यायचंस, भिंतीशी उभं राहायचंस, आणि मी बरोबर असलो की एकदा खोकायचंस, चुकलो की दोनदा.

‘आन् लय चुकले तं?’ तो म्हणाला.

‘लय चुकणार नाही.’

तो खर्रा मळत राहिला.

तर टेबल. पेटी. पेचकस. मी पेचकस उजवीकडे फिरवला. दोन खोकले. डावीकडे फिरवला. एक. सुटला स्क्रू. चार स्क्रू सुटायला किती वेळ लागला विचारू नका, साहेबांनी मध्ये दोन फोन घेतले. झाकण निघालं. आत… तुम्ही कधी अशी पेटी बघितलीत? मला वाटलं होतं, पुस्तकातल्या आकृतीसारखं असेल, सरळ रेघा, नावं लिहिलेली. इथे कसलं काय. धूळ, तारांची गुंतवळ, जाड काळा ट्रान्सफॉर्मर, एका बाजूला दोन काचेचे व्हॉल्व्ह काजळी धरलेले, झुरळाचं एक रिकामं कवच, आणि सगळ्यांवर लालसर शिंतोडे. मी घसा साफ केला आणि वर्गात शिकवतात तसं सुरू केलं. ‘हा ट्रान्सफॉर्मर.’ एक खोकला. ‘हे कंडेन्सर.’ एक. ‘हा… हा भाग…’ म्हणून मी बोट पुढे केलं आणि मला एकदम आठवलं की कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, माणूस भिंतीवर जाऊन आदळतो. हात तिथेच थांबला. मागे नाही, पुढे नाही. पूर्ण मिनिटभर. साहेब म्हणाले, ‘काय झालं डॉक्टर?’ मी म्हटलं, ‘निरीक्षण करतोय.’ नंतर डोमा मला म्हणाला, ‘सर, करंट कुठून येईन? दोन महिन्यांपासून कपाटात पडून हाय थे.’

तर त्या धुळीत एका कोपऱ्यात भाग रोवायच्या दोन छोट्या बैठका होत्या, शेजारी शेजारी. एकीत नखाएवढी रुपेरी डबी रोवलेली, तिच्यावर बारीक आकडा. दुसरी रिकामी, नुसती दोन भोकं. मी म्हटलं, ‘ही एक जादा जागा दिसते.’ दोन खोकले. मी म्हटलं, ‘म्हणजे राखीव.’ दोन खोकले. ‘किंवा… हवा खेळायला.’ तुम्हाला सांगतो, डोमा असा खोकायला लागला की थांबेचना, डोळ्यांतून पाणी, भिंतीला हात, आणि साहेब रुमाल नाकाला लावून म्हणाले, ‘याला टीबी आहे का? बाहेर काढा याला.’ बाहेर जाता जाता तो माझ्या कानाशी पिशवी घ्यायला वाकला आणि पुटपुटला, ‘क्रिस्टल नाही, सर. बोलाचा हाय, आयकाचा नाही.’

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, क्रिस्टल. हे तर मी दरवर्षी शिकवतो, क्वार्ट्झचा स्फटिक, ठरावीक गतीनं थरथरतो, रेडिओला आपली लहर त्याच्यामुळे ओळखता येते. पाठवायला एक लागतो, घ्यायला एक. घ्यायचा स्फटिक नसेल तर कुणी सात वेळा ओरडो की सातशे वेळा, खर्रर्र. हा रेडिओ बोलू शकत होता, ऐकू शकत नव्हता. मी हे साहेबांना समजावून सांगितलं, फळा असता तर आकृतीही काढली असती, आणि शेवटी अगदी छाती पुढे काढून म्हटलं, ‘म्हणजेच देवाजींना हुकूम ऐकू येणं शक्यच नव्हतं.’

साहेब शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे त्यानं तो काढून विकला.’

दाराशी देवाजीभाऊ होते, त्यांचे बांधलेले हात सुटले. मी त्यांना सोडवायला गेलो होतो. निष्काळजी म्हणून गेलेला माणूस मी अर्ध्या तासात चोर करून ठेवला. इंजिनाची किल्ली यांच्याकडे, रेडिओ यांच्या उशाशी, तीन वर्षं ‘ठीक’ होता आणि आता भाग गायब. साहेब लिहायलासुद्धा लागले.

‘मी कायले काढीन जी?’ देवाजीभाऊ म्हणाले. ‘मले तं पेटीचं झाकन कसं निंघते थेही मालूम नाही.’

‘ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं,’ साहेब म्हणाले.

मी खाली मान घालून पेटीत बघत राहिलो, दुसरं करण्यासारखं काय होतं? आणि ती दोन भोकं माझ्याकडे बघत होती. लाल. कडेनं नव्हे, आतून लाल. मी भिंग मागितलं. भोकांच्या तळापर्यंत लाल, सुकलेलं, पापुद्रा धरलेलं, एका भोकात तर अक्षतेचा एक तांदूळ अडकलेला. शेजारची बैठक, जिथे क्रिस्टल रोवला होता, तिथे डबीवर शिंतोडे, पण मी डबी उपटली… खोकायला डोमा नव्हता, तरी उपटली… तर आत भोकं स्वच्छ. आता तुम्हीच सांगा. पूजेच्या दिवशी क्रिस्टल जागेवर असता तर त्याच्या खालच्या भोकांत कुंकवाचं पाणी गेलं कसं असतं? म्हणजे त्या दिवशी ती जागा रिकामीच होती. म्हणजे रेडिओ आला तेव्हापासूनच बहिरा. म्हणजे देवाजीभाऊंनी काही काढलं नव्हतं, कारण काढायला तिथे काही नव्हतंच, आणि याची साक्ष खुद्द साहेबांच्या हातानं त्या भोकांत शिंपडून ठेवलेली.

सगळ्या आयुष्यात मी एवढा सरळ तर्क एकदाच केला, आणि तोही साहेबांच्या टेबलावर.

साहेबांनी भिंग घेतलं. बघितलं. तुम्हाला सांगतो, त्यांना कळलं, मला कळायच्या आधी कळलं. भिंग खाली ठेवून म्हणाले, ‘गंज असेल.’

मी म्हटलं, ‘तांदूळ आहे.’

‘उंदरानं नेला असेल. आणि ही आपली खाणीची धूळ.’

आता मॅंगनीजची धूळ काळी असते हे तुमसरचं शेंबडं पोर सांगेल. पण साहेबांनी माझ्याकडे बघून अगदी गोड आवाजात विचारलं, ‘डॉक्टर, हे कुंकूच आहे, असं तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून खात्रीनं सांगता?’

शास्त्रज्ञ म्हणून. खात्रीनं. मी म्हटलं, ‘उद्या लेखी देतो.’ आणि भोकातली चिमूटभर पूड कागदाच्या पुडीत बांधून घरी घेऊन आलो.

बाहेर डोमाला दाखवली. ‘कुकू,’ तो म्हणाला आणि सायकलवर बसला. घरी हिला दाखवली. ‘कुंकू आहे, कुठून आणलंत? मळलंय ते, वापरायचं नाही.’ मग शकुवहिनी आल्या, सोबत देवाजीभाऊ. वहिनींनी पुडी उघडून बोटावर घेतली.

‘कुकूच होय, भाऊजी. यात इचारासारखं का हाय?’

मी म्हटलं, ‘वहिनी, दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. लाल रंगाचे अनेक पदार्थ असतात. लोखंडाचा गंज आहे, शेंदूर आहे, विटकरीची पूड आहे…’

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, अर्धं लिंबू घेऊन आल्या आणि पुडीतली कणभर पूड ताटलीत घेऊन तिच्यावर पिळलं. लाल होतं ते पिवळं झालं. हळद ती, चुन्यानं लाल झालेली, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. ‘झालं? गंज होते का पिवळा?’

तुम्हाला वाटेल, पटलं असेल मला. पटलं होतं हो. मनातून शंभर टक्के पटलं होतं. पण मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘प्रयोग चांगला आहे, पण एकदाच करून भागत नाही. आणि लिंबू शुद्ध नाही.’

देवाजीभाऊंनी ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, ‘सर, तुमी तुमच्या हिशेबानं लिवा. मास्तर मानसाले आमी का सांगाव.’

रात्रभर लिहिलं. ‘कुंकू आहे’ असं लिहिलं आणि खोडलं. वाटलं, उद्या कुणी विचारलं, तुम्ही रसायनशास्त्राचे आहात का, तर? नाही. मग कशावरून? बायकोनं सांगितलं म्हणून? शेजारणीनं लिंबू पिळलं म्हणून? सहा पानांचा अहवाल झाला, क्रिस्टलची आकृती, बैठकांची मापं, सगळं चोख, आणि पाचव्या पानावर एक वाक्य, ‘भोकांतील लाल भुकटी बहुधा कुंकू असावी, तथापि रासायनिक तपासणी होणे इष्ट.’ बहुधा. शिकलेला माणूस पडलो ना मी. अडाणी असतो तर ‘कुकू हाय’ लिहून अंगठा उठवला असता आणि देवाजीभाऊ सोमवारी कामावर.

साहेबांनी अहवाल माझ्यासमोर वाचला. पाचव्या पानावर थांबले. तांबडी पेन्सिल काढली आणि त्या एका शब्दाभोवती गोल केला, अशा प्रेमानं की जणू नव्या सुनेच्या कपाळी टिळा लावावा.

‘वा डॉक्टर. याला म्हणतात शास्त्रीय वृत्ती. उगाच कुणावर ठपका नाही, कुणाला माफी नाही. पाठवूया नागपूरला, प्रयोगशाळेत. उत्तर येईपर्यंत आपण कोणीच घाई नको करूया.’

आणि खरंच कुणी घाई केली नाही. चोरीचा आरोप कागदावर चढला नाही, तो ‘तपासाधीन’ राहिला. देवाजीभाऊ ‘तपासाधीन’ राहिले. मी दर महिन्याला कचेरीत जाऊन विचारायचो, आलं का उत्तर? कारकून म्हणायचा, ‘सर, नागपूरचं काम हाय, टाइम लागतेच.’ मी स्मरणपत्रं लिहिली, चार लिहिली, पाचवं लिहिताना शंका आली की फार वेळा विचारलं तर त्यांना राग येऊन उत्तर उलटं तर नाही द्यायचे? नाही पाठवलं. ब्याऐंशी गेलं. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात, रोवणी चालू होती, देवाजीभाऊंचा शेवटचा दिवस आला. इंजिन त्या दिवशीही यार्डाला गेलं, दुसरा माणूस घेऊन. शिटी ऐकू आली. देवाजीभाऊ कचेरीत जाऊन एका कागदावर सही करून परत आले, आमच्या ओट्यावर टेकले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

मी म्हटलं, ‘देवाजीभाऊ, माझ्यामुळे…’

‘नाही जी,’ ते म्हणाले. ‘तुमी नसते तं चोर झालो असतो. तुमच्यामुळं निस्ता लटकलो.’

त्यांनी ते मनापासून म्हटलं. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. आणि शकुवहिनी? त्या वर्षी दिवाळीला दोरीवर हिरवं लुगडं दिसलं नाही. नंतर कळलं, लेकीला देऊन टाकलं. पुढे दोघं आपल्या गावी, कारध्याला, शेतीवर राहायला गेले.

मग सत्त्याऐंशी साली मी पेपर तपासायला नागपूरला गेलो होतो. ते सत्त्याऐंशीच, हे पक्कं आहे, कारण भत्त्याची पावती माझ्याकडे अजून आहे. हातात एक दुपार मोकळी होती. गेलो त्या प्रयोगशाळेत. म्हटलं, निदान काय निघालं ते तर कळू दे, गंज निघाला असेल तर माझं बरोबर होतं, निदान शंका तरी रास्त होती. हो, असा विचार केला मी, सांगायला लाज वाटते. आवक-जावकच्या टेबलावर मालनबाई म्हणून एक बाई होत्या, शांतपणे पोळी-भाजी खात बसलेल्या. त्यांनी डावा हात पुसून जुनं रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत आल्या. ‘हे बघा. तुमसरचा नमुना. लाल भुकटी.’

पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नमुना कुंकू आहे. तपासणीची गरज नाही. परत.’ आणि जावक तारीख. नमुना पोचल्यापासून चौथा दिवस. टपालाच्या पोचपावतीवर खाणीच्या कचेरीचा शिक्का. उत्तर जानेवारीतच येऊन पडलं होतं… मी कचेरीत जाऊन पहिल्यांदा विचारलं, त्याच्याही आधी.

मी ते दोनदा वाचलं. आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी विचारलं, ‘पण बाई, न तपासता कुंकूच आहे म्हणून कशावरून?’

मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं, घास चावत चावत बघितलं. ‘तुम्ही काय करता?’

‘प्राध्यापक आहे.’

‘हां,’ त्या म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.

परतीच्या वाटेवर भंडाऱ्याला उतरलो आणि वैनगंगेचा पूल ओलांडून चालत कारध्याला गेलो. देवाजीभाऊ बांधावर बसून होते. मी घाईघाईत, धापा टाकत सगळं सांगितलं, चौथा दिवस, पोचपावती, शिक्का, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सरकून मला बसायला जागा केली.

‘कुकूच होतं ना सर?’

‘कुंकूच होतं.’

‘बरं झालं जी,’ ते म्हणाले. ‘आमाले तं तवाच मालूम होतं. तुमची तं खात्री झाली.’